शेपटीबंदीचा ठराव

मंगळवार, ७ मे

टूथपेस्टच्या कंपनीने आमच्या दातांच्या दवाखान्याला दिलेली ही डायरी मे उजाडला तरी कोरीच पडली होती. आजपासून लिहिते. यंदा शाळेच्या पालक समितीची मी अध्यक्ष आहे, आणि उद्या कुणी विचारलंच की नरेल, तुला हे कधी कळलं, तर निदान तारीख सांगता यावी.

तर आज कळलं. माझी मैत्रीण रेलीन दाढेतलं सिमेंट निघालं म्हणून आली होती. डॉक्टर आत गुंतलेले, म्हणून ती माझ्या काउंटरवर कोपरं टेकून बसली. म्हणाली, शाळेत मुलं शेपट्या लावून हिंडतात. कान लावतात, मुखवटे घालतात, मधल्या सुट्टीत मैदानावर चार पायांवर पळतात. यांना ‘फरी’ म्हणतात, हे सगळं इंटरनेटवरून आलंय. आणि वर म्हणे मुलींच्या स्वच्छतागृहात शाळेने मांजराच्या शी-शूसाठी ठेवतात तसली वाळूची परात ठेवलीय. मी विचारलं, बघितली कुणी? तर तिच्या बहिणीच्या शेजारणीच्या मुलीने बघितलीय. अकरा वर्षं या काउंटरवर काढल्यावर एवढं कळतं की अर्धं तोंड बधिर असलेल्या माणसाचं सगळंच खरं धरू नये. पण रेलीनला अजून इंजेक्शन दिलेलं नव्हतं.

संध्याकाळी लेकीला, टॅमसिनला विचारलं. ती आठवीत आहे, तिला माहीत असणारच. म्हणाली, “असतील काही मुलं.” आणि टोस्ट घेऊन खोलीत गेली. शिवणाचा प्रकल्प चाललाय तिचा शाळेचा. बरं वाटलं. निदान आपल्या घरात असलं काही नाही.

न्हाणीघरातलं केशरी लांब केसांचं पायपुसणं सापडत नाहीये. नवऱ्याला, डॅरिलला विचारलं तर असं पायपुसणं घरात होतं हेच त्याला आठवेना.

शनिवार, ११ मे

घरच्या मैदानावर सामना होता. हरलो. पण आमचा वॉम्बॅट काही हरला नाही. डॅरिल गेली नऊ वर्षं फुटबॉल क्लबचं बोधचिन्ह असलेल्या वॉम्बॅटच्या, त्या अस्वलासारख्या गुबगुबीत प्राण्याच्या, वेशात मैदानावर उतरतो. एरवी बटाट्याच्या कारखान्यातला हा माणूस. स्वतःच्या बहिणीच्या लग्नात दोन वाक्यं बोलायची होती तर ती कागदावरूनही धड वाचता आली नाहीत. आणि ते केसाळ डोकं चढवलं की चारशे माणसांपुढे ढुंगण हलवत नाचतो. लहान मुलं मिठी मारायला रांग लावतात. आज मी विचारलं, आत कसं वाटतं रे? म्हणाला, “आत मी नसतोच ना. म्हणून बरं वाटतं.” माणसाला असा एखादा छंद असावाच.

पाहुण्या संघाच्या टवाळ पोरांनी डावा कान उपटला. मी बसून शिवला. माझं शिवण म्हणजे कसंबसं जोडणंच ते.

रात्रीचं जेवण झाल्यावर या फरी प्रकरणावर जरा वाचलं. चांगली धडधाकट, नोकरीधंद्याची माणसं प्राण्यांचे वेश चढवून एकत्र जमतात, नाचतात, एकमेकांना मिठ्या मारतात. काय मिळतं यांना, देव जाणे.

सोमवार, १३ मे

मुख्याध्यापक हॉल्डेन सरांना भेटले. अपॉइंटमेंट न घेता गेले, म्हणजे परात लपवायला वेळ मिळायला नको. सर शांत माणूस. म्हणाले, चला, दाखवतो. मुलींची तिन्ही स्वच्छतागृहं बघितली. परात नाही. नळ गळतोय, ते लिहून घेतलं. मग शिपायाच्या शेडमध्ये एक मोठी गोण दिसली आणि तिच्यावर चक्क मांजराचं चित्र. मी सरांकडे बघितलं. सरांनी शिपायाला हाक मारली. त्याने सांगितलं, शाळेच्या बसमधून तेल गळतं, त्यावर टाकायला ही वाळू उत्तम, शिवाय सुपरमार्केटमध्ये मिळते. बसखाली वाळू पसरलेली दाखवलीसुद्धा.

निघताना सर म्हणाले, “मिसेस बर्गॉइन, शेपट्या आहेत, ते खरं आहे. दहाबारा असतील. वर्गात काढायला सांगितल्या की काढतात. खरं सांगायचं तर च्युइंगमचा त्रास जास्त आहे.”

रेलीनला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, तुला बसखालची दाखवली म्हणजे दुसरी कुठेतरी असणारच.

रविवार, १९ मे

वॉम्बॅटचा कान कालच्या सामन्यात टिकला. नुसता टिकला नाही, उजव्यापेक्षा झोकदार उभा होता. टाके तर दिसतच नाहीत. माझा हात बसायला लागला म्हणायचा. टॅमला दाखवलं तर ती म्हणाली, “छान जमलंय तुला, आई,” आणि हसू दाबत निघून गेली. या वयात आईच्या कौतुकाचीसुद्धा लाज वाटते त्यांना.

टॅमने मैदानी खेळ मनावर घेतलेत. मागच्या अंगणात खुर्च्यांवर झाडू आडवा ठेवून उड्या मारत होती. हातांवरही भार घेत होती, ही नवीन पद्धत असेल. तळहात पार सोलवटलेत. मैत्रिणीही येतात हल्ली, मागच्या दाराने येतात आणि पिशवी घेऊन खुशीत जातात. टॅमची मैत्रीण एल्सी पर्थला राहायला गेल्यापासून या घरात टॅमकडे कुणी आलं नव्हतं. माझा तर ऊर भरून आला. सगळ्यांना खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक दिले. एका मुलीने दोन्ही हात न लावता तोंडानेच उचलला. मी काही बोलले नाही, पाहुणी होती.

कपडे वाळवायच्या यंत्राच्या जाळीत केशरी लव अडकलीय. मूठभर.

गुरुवार, २३ मे

ठराव लिहिला. समितीची सभा १२ जूनला, वाचनालयात. शेपट्या, कान, मुखवटे यांना शाळेत पूर्ण बंदी, दारात दप्तरांची तपासणी, आणि जी मुलं सापडतील त्यांच्या पालकांना पत्र. रेलीन म्हणाली, एक सणसणीत वाक्य हवं. मग मी लिहिलं, “ज्या घरांत आईवडिलांचं लक्ष नाही, अशा घरांतून ही कीड शाळेत येते.” ऐकून रेलीनने फोनवर टाळी वाजवली.

प्रिंटर टॅमच्या खोलीत असतो, तिलाच छापायला सांगितलं. दार जरासंच उघडून तिने कागद बाहेर दिला. वाचलास का, म्हटलं. म्हणाली, “तिसऱ्या ओळीत टायपिंगची चूक आहे.” बरोबर होतं तिचं. बारकाईने वाचते पोरगी.

मंगळवार, २८ मे

टॅमने जेवणाला हात लावला नाही. स्कॅलप ‘पाय’ होता, शिंपल्यांचं सारण भरून भाजलेला, तिचा आवडता. फोन टेबलावर पालथा ठेवलेला, तो थरथरला की ही दचकते. मी काय आंधळी आहे? भांडी विसळताना हळूच विचारलं, “कोण आहे तो?”

तिचा चेहरा पांढराफटक पडला. “तुला कुणी सांगितलं?”

मी हसले. म्हटलं, आईपासून काही लपत नाही, बाळा. तुझ्या वयाची होते तेव्हा मीही एकाच्या मागे होते, तो पुढे भेटला तेव्हा टक्कल पडलं होतं त्याला. ती म्हणाली, झोप येतेय. सात वाजले होते.

डॅरिलला सांगितलं, पोरगी प्रेमात पडलीय. तो म्हणाला, प्रेमात पडलेली माणसं असं दिसत नाहीत. याला काय कळतंय.

शनिवार, १ जून

हे नीट लिहायला हवं, म्हणून चहा करून घेतलाय. एक घोटही प्यायलेले नाही.

आज सामन्याच्या मध्यंतरात मी सॉसेज भाजायला उभी होते. डॅरिल वॉम्बॅटच्या वेशात साहित्याच्या शेडमागे पाणी प्यायला गेला. टॅम तिथे त्याची वाट बघत होती. तो डोकं काढायला लागला तर म्हणाली, “बाबा, नको काढूस. तसाच थांब.” आणि त्या वॉम्बॅटच्या तोंडाकडे बघत तिने सगळं सांगून टाकलं.

शेपट्या ती करते. मुखवटेही. शाळेतल्या अकरा शेपट्यांपैकी नऊ माझ्या घरात, माझ्या पायपुसण्याच्या, माझ्या जुन्या कोटाच्या कॉलरच्या. मोबदला म्हणून मुली तिचं गणित सोडवतात आणि सॉसेज रोल देतात. मुखवट्यांचे फोटो ती इंटरनेटवर टाकते. तिथे एक मुलगा भेटला, पंधरा वर्षांचा, होबार्टचा. निदान तो तसं म्हणाला. आधी लांडग्याचा मुखवटा करून दे म्हणाला. मग तू घातलेला फोटो पाठव. मग मुखवटा न घातलेला. मग शाळा कुठली, आणि घरी कुणी नसतं ते कधी. आणि आईला सांगू नकोस, तुझ्या आईसारख्या बायकांना आपण समजत नाही.

डॅरिल सामना सोडून आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या अर्ध्यात वॉम्बॅट नव्हता. गाडीत मागच्या सीटवर टॅम आणि तिच्या मांडीवर ते डोकं. मी सॉसेजचा चिमटा हातातच घेऊन आले होते, घरी आल्यावर लक्षात आलं.

तिला जवळ घ्यायच्या आधी मी काय विचारावं? “मला का नाही सांगितलंस?” हेच विचारलं. उत्तर डॅरिलने दिलं, आणि तेही ती खोलीत गेल्यावर. “तुझा तो ठराव तिनेच छापला ना, नरेल.”

लक्ष नसलेल्या घरातली कीड. माझंच वाक्य. टायपिंगची चूकसुद्धा तिने काढून दिली होती.

रविवार, २ जून

पोलीस चौकीत तिघंही गेलो. मी तिथे गेले ते मनात म्हणत, आता ही बाई मला विचारणार, तुमचं लक्ष कुठे होतं. कॉन्स्टेबल प्रिस्टली वयाने माझ्याहून वीसएक वर्षांनी लहान. तिने मला काहीच विचारलं नाही. टॅमशीच बोलली, बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं. टॅमने एकही फोटो पाठवलेला नव्हता. शाळेचं नाव सांगितलं नव्हतं. सगळे संदेश जपून ठेवले होते, तारखेवार. प्रिस्टली म्हणाली, “मोठी माणसंसुद्धा एवढं नीट घेऊन येत नाहीत.” तो मुलगा बहुधा मुलगा नाही आणि होबार्टचाही नाही, पण ते शोधायचं काम त्यांचं. मग विचारलं, “हे सगळं जपून ठेवायचं तुला कुणी सांगितलं?”

टॅम म्हणाली, ब्रॉनविनने.

ही ब्रॉनविन कोण, हे मी गाडीत विचारलं. लॉन्सेस्टनच्या इस्पितळात नर्स आहे. चाळिशीची. आणि सुट्टीच्या दिवशी ती कोल्हा असते. इंटरनेटवरच्या फरी मुलांच्या गटावर लक्ष ठेवायचं काम तिच्याकडे आहे. टॅमने तिला गुरुवारी विचारलं की असं असं कुणी म्हणालं तर काय करायचं. तिने लिहिलं होतं: उत्तर देऊ नकोस, काही पुसू नकोस, आणि आजच घरातल्या मोठ्या माणसाला सांग. माझ्याशी बोलण्याआधी त्यांच्याशी बोल.

मला राग आला. पोलिसात बसून आल्यावरही मला या अनोळखी कोल्ह्याचा राग आला, कारण माझ्या मुलीने आधी तिला विचारलं. हे इथे लिहिते, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही.

मंगळवार, ४ जून

ब्रॉनविनला फोन केला. तिने आधी माझं पूर्ण नाव विचारलं, मग टॅमची जन्मतारीख, मग म्हणाली, सॉरी हं, खात्री करून घ्यावी लागते. मी तिची उलटतपासणी घ्यायला बसले होते, तिनेच माझी घेतली.

मी सरळ विचारलं, मोठ्या माणसांनी लहान मुलांच्या गटात काय करायचं? ती म्हणाली, “तुम्ही विचारलंत ते चांगलं केलंत, खरं तर प्रत्येक आईने विचारायला हवं. आमच्यातही वाईट माणसं येतात. तुमच्या फुटबॉल क्लबात येत नाहीत का?” मग कुठले गट मुलांसाठी ठीक, कुठले मुळीच नाहीत, फोनमध्ये काय काय बंद करायचं, सगळं सांगितलं. मी दोन पानं लिहून घेतली. काही काही गोष्टी ऐकून अंगावर काटा आला. म्हणजे माझी भीती अगदीच खोटी नव्हती. त्या भीतीला मी भलत्या दाराशी राखणीला उभं केलं होतं, एवढंच.

फोन ठेवताना तिने विचारलं, तुमच्या घरात आणखी कुणी वेश घालतं का? मी म्हटलं, छे, आमच्यात कुणीच नाही. टॅम शेजारीच होती, तिला इतकं हसू आलं की सरबत नाकातून आलं. “आई, बाबा!” मी म्हटलं, ते वेगळं. ते क्लबचं आहे.

सोमवार, १० जून

कपाट दाखवलं तिने. मी तीन वर्षं त्याला हात लावला नव्हता, तिच्या खाजगी वस्तू म्हणून. आत फोम, फर, गोंदाची पिस्तूल, डोळ्यांसाठी जाळी. एक कोल्हा, दोन लांडगे, एक काहीतरी निळं. निळ्याबद्दल विचारलं तर म्हणाली, ते अजून ठरायचंय. टाके बघितले आणि मला वॉम्बॅटचा कान आठवला. तिने माझ्या मनातलं ओळखलं. “तुझे टाके सामन्यापर्यंतही टिकले नसते, आई.”

मग मी विचारलं, बुधवारी सभेत मी हे सांगू का? नाव घेऊन नाही, पण काय घडलं ते.

ती बोटांवरचा गोंद खरवडायला लागली. “नको. सगळ्यांना कळेलच कोण ते. ते माझं आहे.”

म्हटलं, मग मी ठराव मागे का घेते, असं विचारलं तर काय सांगू?

“ते तुझं आहे,” म्हणाली.

बुधवार, १२ जून

वाचनालय भरलं होतं. एरवी आम्ही सहाजण असतो, आज साठएक. रेलीनने बरीच माणसं जमवली होती. शेवटच्या रांगेत डॅरिल.

ठरावाची पाळी आली. मी उठून सांगितलं की ठराव मी मागे घेतेय, त्यातलं एक वाक्य चुकीचं आणि लाजिरवाणं होतं आणि ते मी लिहिलं होतं. त्याऐवजी मुलांच्या फोनवर अनोळखी माणसं कशी पोचतात यावर पालकांसाठी एक संध्याकाळ ठेवू, कॉन्स्टेबल प्रिस्टली यायला तयार आहे.

“का पण?” रेलीन उभीच राहिली. “तीन आठवड्यांत असं काय झालं, नरेल?”

साठ जणांनी माझ्याकडे बघितलं. जिभेच्या टोकावर होतं. सांगितलं असतं तर तिथल्या तिथे सगळ्यांनी मला जवळ घेतलं असतं, रेलीनने सगळ्यात आधी. मी म्हटलं, “माझं मत बदललं.”

“असंच?”

“असंच.”

कुणीतरी हसलं. मागून एकजण म्हणाला, असली अध्यक्ष असल्यावर काय होणार. रेलीन म्हणाली, तू घाबरलीस, आणि पर्स उचलून गेली. तिच्या मागे पंधराएक जण. माझे कान तापले होते. उरलेल्यांनी प्रिस्टलीच्या कार्यक्रमासाठी हात वर केले, हॉल्डेन सरांनी गळक्या नळाचं काम झाल्याचं सांगितलं, आणि सभा संपली.

घरी आलो तर टॅम दारातच. कसं झालं, विचारलं. डॅरिल म्हणाला, तुझ्या आईला सगळ्यांनी मिळून धुतलं, आणि ती गप्प बसली. “आई? गप्प?” तिचा विश्वास बसेना. मग तिने माझा कोट काढून घेतला आणि खुंटीला लावला. हे काम तिने आजवर कधी केलेलं नाही.

शुक्रवार, १४ जून

रेलीनने दाढेची अपॉइंटमेंट रद्द केली. वाईट वाटलं. मैत्रीण म्हणूनही, आणि ती दाढ तशी उघडी ठेवण्यासारखी नाही म्हणूनही. एक आठवडा जाऊ दे, मग मीच एक ‘पाय’ भाजून घेऊन जाईन. मऊसा, बटाट्याचा.

प्रिस्टलीचा फोन आला. माणूस सापडलाय, क्वीन्सलंडमध्ये. वय एकेचाळीस. आणखी चार मुलींना लिहीत होता. टॅमला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, त्या चौघी बऱ्या आहेत ना. आहेत म्हणाली प्रिस्टली.

रविवार, १६ जून

आज टॅमला माझं डोकं हवं होतं. मोठ्या माणसाच्या मापाचा मुखवटा तिने कधी केलेला नाही, साचा घ्यायचा सराव करायचा होता, आणि डॅरिल मासे पकडायला गेला होता. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं मला. आधी डोक्याला खाद्यपदार्थ गुंडाळायचा पातळ प्लास्टिकचा कागद, नाकापाशी भोक ठेवून. मग त्यावरून रुपेरी चिकटपट्टी, कपाळावरून, गालांवरून, हनुवटीखालून. पट्टी फाडल्याचा आवाज कानाशी केवढा तरी मोठा येत होता.

“हलू नकोस. बोलायचं तर नाहीच, हनुवटी हलली की साचा बिघडतो. श्वास घेता येतोय?”

मी अंगठा वर केला.

दोन फेऱ्या झाल्या आणि ती बोलायला लागली. आधी फोमबद्दल, मग असंच. एल्सी गेल्यावर दोन सत्रं ती डबा वाचनालयात एकटी खात होती. आम्हाला सांगत होती, मुलींबरोबर बसते. मग एकदा समोरच्या टेबलावर अशीच एकटी बसणारी मुलगी वहीत लांडगे काढताना दिसली. पहिली शेपटी तिच्यासाठी केली. मग त्या माणसाबद्दल. तीन दिवस तिला वाटत होतं, आपणच काहीतरी असं लिहिलं असणार की त्याला धीर आला. न खाल्लेला स्कॅलप ‘पाय’ही त्याच तीन दिवसांतला असणार.

मी म्हणणार होते, अगं वेडे, तुझा काय दोष, मला का नाही, आणि पुढचं सगळं. पट्टीतून फक्त “हंऽ” एवढंच निघालं. तिला तेवढंच पुरलं. ती पुढे बोलत राहिली. प्रिस्टलीसारखं पोलीस व्हावं की वेश शिवायचा धंदा करावा, दोन्ही जमेल का. नवीन शिक्षक नाकातून कसे बोलतात. गणित आता स्वतः करायला हवं, शेपट्यांना मागणी कमी झाली तर पंचाईत होईल. मधेच हसली, मधेच थोडी रडलीही असावी, मला दिसत नव्हतं, डोळ्यांवर पट्टी होती. फक्त तिची बोटं माझ्या कपाळावर, पट्टीच्या कडा दाबून बसवत.

एवढं ती माझ्याशी गेल्या दोन वर्षांत बोलली नव्हती. किंवा मी बोलू दिलं नव्हतं.

कात्री उचलल्याचा आवाज आला. “झालंय खरं तर,” ती म्हणाली. “मागून कापायचं फक्त. काढू?”

मी जपून मान हलवली, नको. ओट्यावर हात फिरवून पट्टीचा रोल चाचपला आणि तिच्या हातात दिला. अजून बरीच शिल्लक होती.